कागद कशाला?

‘तू कॉन्व्हेंटवाला, तुला मराठी कुठून येणार?’ असं म्हणून आमच्या मराठी विभागाच्या संपादकांनी मला आधीच आउट देऊन टाकलं होतं. खरंही आहे. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की दहा रुपये दंड असायचा! पण घर रत्नागिरी जिल्ह्यातलं, आम्ही कोकणी मुसलमान, त्यामुळे मराठी घरात आणि गावात शिकलो. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र सगळ्यांच्याच खिशातला आहे.

महिन्याची 25 तारीख उलटली की आपल्या हॉस्टेलमध्ये एक वाक्य मजल्यामजल्यावर ऐकू येतं. ‘भावा, पाचशे टाक ना, एक तारखेला देतो.’ कुठल्या महिन्याची एक तारीख, हे मात्र कुणीच सांगत नाही!

गेल्या वर्षी आमच्या रूममध्ये असाच पैशांवरून वाद झाला. माझ्या रूममेटने ‘आत्ता घ्या, नंतर भरा’वालं एक ॲप फोनमध्ये टाकलं होतं. मी लगेच भाषण ठोकलं. व्याज आमच्यात हराम आहे, घेणंही आणि देणंही. क्रेडिट कार्डाचं बिल थकलं तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात, म्हणजे वर्षाला 36 ते 42 टक्के, हे गणितही त्याला करून दाखवलं. एम-थ्रीमध्ये काठावर पास झालेला मी, पण व्याजाचं गणित पक्कं! तो सगळं ऐकून शांतपणे म्हणाला, ‘माझं तर एज्युकेशन लोन आहे रे, सरकारी बँकेचं. मग मी काय करायचं?’ मी म्हटलं, ‘ते तुझं तू बघ.’

हे वाक्य मला अजून टोचतं. का टोचतं ते सांगण्याआधी माझी स्वतःची फी कशी भरली गेली ते सांगायला हवं.

मला ॲडमिशन मिळाली तेव्हा अब्बांचं कुवेतचं काम सुटून दोन वर्षं झाली होती. गावात टाकलेल्या छोट्याशा दुकानावर घर चालत होतं. बँकेच्या पायरीवर जायचं नाही, यावर दादी ठाम. शेवटी मामू म्हणाले, ‘दीड लाख मी देतो. कर्ज-ए-हसना.’ म्हणजे बिनव्याजी कर्ज. जेवढं घेतलं तेवढंच परत. मला वाटलं, सुटलो! तर मामूंनी वहीतलं एक पान काढलं, पेन हातात घेतलं आणि मला म्हणाले, ‘हं, सांग. किती घेतलेस, कधी देणार, कसे देणार?’ मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. नोकरी लागल्यावर तिसऱ्या महिन्यापासून दरमहा 5,000 रुपये, असे 30 हप्ते. खाली माझी सही, अब्बांची सही आणि साक्षीदार म्हणून शेजारच्या दोघांच्या सह्या.

मला चक्क अपमान वाटला. ‘मामू, आपल्यात कागद कशाला? माझ्यावर भरवसा नाही का?’

मामू हसले. ‘अरे, भरवसा आहे म्हणून तर पैसे देतोय. कागद आहे तो भरवसा टिकावा म्हणून.’ मग त्यांनी विचारलं, कुराणातली सगळ्यात लांब आयत कशाबद्दल आहे, ठाऊक आहे? मी नमाज, रोजा असं काहीतरी ठोकून दिलं. उत्तर होतं, उधारी! सूरह बकरामधली 282 वी आयत. तिचा आशय असा की मुदतीचा उधारीचा व्यवहार केलात तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, मजकूर कर्ज घेणाऱ्याने सांगावा, साक्षीदार ठेवावेत आणि रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नये. म्हणूनच मामूंनी मजकूर मला सांगायला लावला होता. आपण किती देणं लागतो, हे आपल्याच तोंडाने कबूल करायचं.

आता माझा पराक्रम ऐका. सेकंड इयरला दिवाळीच्या आधी माझ्या मोबाईलची स्क्रीन फुटली. रूममेटने 3,800 रुपये एका मिनिटात पाठवले. ‘दे रे निवांत,’ म्हणाला. मी खरोखरच निवांत झालो! एक महिना गेला, सहा महिने गेले, अकरा महिने गेले. मधल्या काळात मी नवीन शूज घेतले, दोनदा लोणावळ्याला जाऊन आलो, बिर्याणीच्या कॉन्ट्रीत कधी मागे राहिलो नाही. तो मागत नव्हता आणि मी देत नव्हतो. पैसे नव्हते असं नाही. लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

मग परीक्षेचे फॉर्म निघाले. त्याच्या वडिलांचा सांगलीकडे ऊस आहे आणि कारखान्याचं बिल अजून यायचं होतं. त्याने फॉर्म लेट फीसकट भरला, तोही क्लासमधल्या एकाकडून हातउसने घेऊन. हे मला त्याने सांगितलं नाही. तिसऱ्याच मुलाकडून कळलं. म्हणजे बघा, व्याज हराम म्हणून ज्याला मी लेक्चर दिलं, त्याच्याच पैशांवर मी जवळजवळ वर्षभर बसलो होतो. बिनव्याजी कर्ज, आणि मुदत मी न विचारताच वाढवलेली! ऐपत असून देणं लांबवणं म्हणजे जुलूम, असं पैगंबरसाहेबांनी सांगितलेलं आहे. हे मी लहानपणी मदरशात पाठ केलं होतं. पाठ केलेलं सगळंच कामाला येत नाही, हे इंजिनिअरिंगच्या मुलांना मी काय सांगावं...

त्या रात्री मला आजोबांचा जनाजा आठवला. आमच्याकडे नमाजे-जनाजाच्या आधी घरचा माणूस जमलेल्यांसमोर उभा राहतो आणि सांगतो की मय्यताकडे कुणाचं काही देणं राहिलं असेल तर आम्हाला सांगा, आम्ही फेडू. अब्बा उभे राहिले, आवाज फुटत नव्हता, तरी बोलले. चार दिवसांनी एक शिंपीकाका आले. आजोबांच्या सदऱ्याच्या शिलाईचे 350 रुपये राहिले होते. ते नको-नको म्हणत होते, पण अब्बांनी दिलेच. पैगंबरसाहेबही जनाजा समोर आला की या माणसावर कर्ज आहे का, हे विचारत आणि ते फेडण्याची जबाबदारी कुणी घेतल्याशिवाय स्वतः नमाज पढवायला तयार होत नसत. म्हणजे देणं ही एवढी गंभीर गोष्ट! आणि मी 3,800 रुपये विसरलो होतो.

माझं मत असं झालं आहे की आमच्यातल्या माझ्यासारख्या तरुण मुलांनी पैशाचा धर्म एकाच शब्दात गुंडाळून ठेवला आहे. व्याज घेत नाही ना, मग झालं! व्याजाची मनाई आहेच, त्यात मला वाद घालायचा नाही. पण त्याच सूरह बकरामध्ये, व्याजाच्या आयतींना लागूनच, कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या आणि सोडून दिलंत तर आणखी चांगलं, असंही आहे. लगेच पुढे लिहून ठेवायचं आहे. दुसरीकडे उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे भाऊ म्हटलं आहे. म्हणजे शूज आणि लोणावळाही त्यात आले! यातलं जे मला सोपं होतं तेवढंच मी पाळत होतो आणि वर दुसऱ्याला शिकवत होतो.

आणि ते सोपं का होतं? तर मला मामू होते. ज्याला दीड लाख देणारे मामू नाहीत, त्याने काय करायचं? आपल्याकडे बिनव्याजी बँक नाही. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगची सोय असावी असं सुचवलं होतं, पण तो विषय पुढे न नेण्याचं ठरल्याचं रिझर्व्ह बँकेकडून 2017 मध्ये कळलं. बचत खात्यावर दर तिमाहीला व्याज जमा होतंच. ते स्वतःवर खर्च न करता, पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूला देऊन टाकावं, असं बरेच उलेमा सांगतात. अब्बा दरवर्षी पासबुक घेऊन तेवढी रक्कम वेगळी काढतात. पण फी भरायला लोन घेणाऱ्या गरीब मुलाला ‘ते तुझं तू बघ’ म्हणणं हा कुठलाच धर्म नाही.

जकातीचंही तसंच. मी रूममध्ये जकात म्हटलं की मित्र विचारतात, ती नाक्यावर भरायची ती का? मुंबईतली ती जकात जीएसटी आल्यावर 2017 मध्ये गेली, आमची चालू आहे! निसाबाएवढी शिल्लक, म्हणजे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी रक्कम, चांद्र वर्षभर टिकली तर तिचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के द्यायचे. ते ज्यांना द्यायचे त्या आठ प्रकारच्या लोकांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. अंगावरच्या दागिन्यांवर जकात आहे की नाही, यावर शाफई आणि हनफी मतं वेगळी आहेत. आम्ही शाफई, आम्हाला सूट आहे. तरी अम्मी दर रमजानला तराजू मागवते. कारण काहीही असो, आपल्याकडे काय आहे आणि आपण काय देणं लागतो, हे वर्षातून एकदा तरी बसून मोजावंच लागतं.

हिशोब न बघता नुसत्या नावावर गेलं की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. बेंगळुरूची आयएमए ही कंपनी ‘हलाल गुंतवणूक’ म्हणून हजारो लोकांचे पैसे घेत होती. 2019 च्या जूनमध्ये ती कोसळली आणि मालक दुबईला पळाला. कितीतरी जणांची मुलींच्या लग्नासाठी ठेवलेली पुंजी गेली. हलाल हा शब्द म्हणजे ऑडिट रिपोर्ट नव्हे.

असो. मी त्याच आठवड्यात रूममेटला 1,800 रुपये दिले. तेवढेच होते. उरलेल्या 2,000 साठी जर्नलचं पान फाडून तारखेसकट लिहायला बसलो, तर तो म्हणाला, ‘येडा झालास का? आपल्यात कागद कशाला?’ मी मामूंचं उत्तर ऐकवलं. लेट फीचे पैसेही देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. चहा मात्र घेतला. ‘ते तुझं तू बघ’बद्दल माफीही मागितली. उरलेले पैसे ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी दिले आणि त्याने तो कागद फाडून टाकला.

आता एक सूचना, रेक्टर सरांसाठीही. आमच्या गावात मोहल्ल्याचा बैतुलमाल आहे, अडल्यानडल्यासाठी सगळ्यांनी मिळून ठेवलेला पैसा. तसं प्रत्येक विंगमध्ये का नको? चाळीस जणांनी महिन्याला 50 रुपये काढले तर 2,000 होतात, दहा महिन्यांत 20,000. परीक्षेची फी, मेसचं बिल, औषधपाणी एवढ्यासाठीच द्यायचे. व्याज नाही, पण वही आहे, तारीख आहे, दोन सह्या आहेत. ज्याची खरंच अडचण आहे त्याला मुदत वाढवून द्यायची, तीही लिहून. एखादा बुडवेलही. पण आज जे बुडतात ते गुपचूप बुडतात आणि त्यांच्याबरोबर दोस्तीही बुडते. यात हिंदू-मुसलमान काही नाही, पैसे सगळ्यांचेच 25 तारखेला संपतात.

तोपर्यंत एवढं तरी करा. आज रात्री जेवण झाल्यावर वहीच्या मागच्या पानावर, आपण कुणाकुणाचे किती देणं लागतो, ते लिहून काढा. माझी यादी मी केली आहे. मामूंचे दीड लाख सोडले तर कँटीनवाल्या काकांचे 140 रुपये निघाले. ते उद्या देतो. उद्याच, एक तारखेला नाही!