प्रलोभन नेमके कोणाचे?

सर्व राष्ट्रांत जाऊन लोकांना शिष्य करावे, बाप्तिस्मा द्यावा आणि शिकवावे, ही मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येणारी आज्ञा ख्रिस्ती चर्च आपल्या कार्याचा पाया मानते. आपल्या देशात या कार्याचा विषय निघाला की एकच शब्द पुढे केला जातो : प्रलोभन. गरिबाला गहू दिला, शाळा दिली, औषध दिले आणि त्याचा धर्म विकत घेतला, असा हा आरोप. धर्म विकत घेणे निंद्यच आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु खरेदी-विक्रीची भाषा वापरायची, तर व्यवहार दोन्ही बाजूंनी तपासला पाहिजे.

अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) १८३१ साली ठाणे वसवले. पुढे तेथे जे बहुसंख्येने ख्रिस्ती झाले, ते महार आणि मांग समाजांतील होते. दुष्काळात मिशनच्या दारी अन्न मिळाले, हे त्यामागचे एक कारण होते; ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु भुकेल्याला अन्न मिळाले म्हणून तो फसला असे म्हणणाऱ्यांनी, तो भुकेला का होता, गावच्या पाणवठ्यावर त्याला मज्जाव कोणी केला होता, आणि त्याच्या पोराला अक्षर शिकवायला गावातले कोण पुढे आले होते, याचाही हिशेब द्यावा. याच नगरात सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतिराव फुले १८४८ साली पुण्यास परतले आणि त्यांनी स्वतः शाळा काढली. जोतिरावांचे शिक्षणही स्कॉटिश मिशनच्या शाळेत झालेले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनची शाळा म्हणजे केवळ गळाला लावलेले आमिष, असे मानणाऱ्यांना या एका उदाहरणाचे उत्तर देता येत नाही.

आजचे कायदे मात्र नेमके तसेच मानतात. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या धर्मांतरविरोधी कायद्याने प्रलोभनाच्या व्याख्येत नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतील मोफत शिक्षण आणि चक्क अधिक चांगले जीवनमानही घातले आहे. चांगल्या जीवनाची आशा दाखवणे हा गुन्हा ठरू लागला, तर उद्या कामगार संघटनेच्या प्रचारकाचे काय करणार? त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे : आपल्या लगतच्या पूर्वीच्या धर्मात परत जाणे हे धर्मांतरच समजले जाणार नाही. म्हणजे बाहेर पडणाऱ्या वाटेवर पहारा, आणि परतीची वाट मोकळी.

त्या परतीच्या वाटेवर राज्यसंस्थेने स्वतःचे आमिषही ठेवले आहे. ते जुने आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. अस्पृश्य जातीतील माणूस ख्रिस्ती झाला की राखीव जागा जातात, अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही जाते. पुन्हा हिंदू झाला आणि जातीने स्वीकारला की दोन्ही परत मिळू शकतात. पावशेर गव्हापेक्षा हे प्रलोभन कितीतरी वजनदार आहे. पण ते सरकारी असल्यामुळे त्याला कोणी त्या नावाने ओळखत नाही.

मद्रासचा चर्मकार सुसई याने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या चर्मकारांना सरकार मोफत टपऱ्या देत होते. सुसई ख्रिस्ती झालेला, म्हणून त्याला ती मिळाली नाही. ख्रिस्ती समाजातही जातीचा जाच तितकाच तीव्र राहतो याचा पुरेसा पुरावा पुढे आला नाही, असे म्हणून १९८५ साली न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. आरी तीच, रापी तीच, रस्त्याची कडही तीच. बदलला होता तो फक्त देव.

चर्चलाही येथे सुटका नाही. ख्रिस्तात जात नाही असे व्यासपीठावरून सांगायचे आणि तमिळनाडूत दलित ख्रिस्ती माणसाला दफनभूमीत भिंतीपलीकडची जागा द्यायची, ही विसंगती चर्चच्या घरातलीच आहे. शिष्य करणे म्हणजे नोंदवहीतील नावे वाढवणे नव्हे, हे चर्चला एका मराठी माणसाने फार पूर्वी सुनावले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, वर्षानुवर्षे मिशनची सेवा केली आणि १९१७ साली ती सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात ख्रिस्ताच्या शिष्यांना जागा होती, मग त्यांचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. ख्रिस्ताचे अनुयायित्व आणि मिशनचे पाश्चात्य, पगारी तंत्र यांची टिळकांनी केलेली ही फारकत चर्चला पेलली नाही. दोनच वर्षांनी टिळक गेले.

सरकारी प्रलोभन दूर करणे त्यामानाने सोपे आहे. तिसरा परिच्छेद संसदेने १९५६ साली शिखांसाठी आणि १९९० साली बौद्धांसाठी दुरुस्त केला. घटनेला हात लावावा लागला नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली तो सरसकट वगळण्याची शिफारस केली. ती बाजूला ठेवून २०२२ साली त्याच प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमण्यात आला.