समीकरणातला ‘टी’ कुणाच्या घड्याळातला?

बीएस्सीच्या कुठल्याही क्वांटमच्या नोट्स उघडा. अनिश्चिततेच्या तत्त्वाच्या पानावर एक चौकट हमखास सापडते. तिच्यात दोन ओळी, एकाखाली एक. वरची पोझिशन आणि मोमेंटमची, खालची एनर्जी आणि टाइमची. दिसायला अगदी जुळ्या बहिणी. दोन्ही पाठ केल्या की ३ मार्क खिशात. माझं म्हणणं असं की या बहिणी जुळ्या नाहीत, आणि हे वर्गात कुणी सांगत नाही, हे वाईट आहे.

वरची ओळ सरळ आहे. इलेक्ट्रॉनचं स्थान मोजता येतं, संवेगही मोजता येतो. एकसारखे तयार केलेले खूप इलेक्ट्रॉन घेतले तर दर वेळी उत्तर थोडं वेगळं येतं. त्या उत्तरांचा पसारा किती, ते ही ओळ सांगते. आता हाच न्याय खालच्या ओळीला लावून बघा. इलेक्ट्रॉनचा ‘काळ’ मोजायचा म्हणजे नक्की काय मोजायचं? श्रोडिंगरच्या समीकरणातला टी इलेक्ट्रॉनचा नाहीच. तो बाहेरून, लॅबच्या भिंतीवरच्या घड्याळातून आलेला असतो. स्थान, संवेग, ऊर्जा सगळ्यांना ऑपरेटर आहे, काळाला नाही. का नाही, याचं कारण वोल्फगांग पाउलींनी १९३३ मध्येच दाखवलं होतं: नेहमीच्या पद्धतीने काळाचा ऑपरेटर बनवायला गेलं तर ऊर्जेला तळच उरत नाही. ती उणे अनंतापर्यंत घसरत जाऊ शकते. मग अणू टिकणार कसे?

मग चौकटीतला डेल्टा टी कोण? १९४५ मध्ये मंडेलश्टाम आणि टाम या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी त्याचा नीट अर्थ लावला. एखाद्या क्वांटम अवस्थेत जाणवण्याइतका बदल व्हायला जो अवधी लागतो, तो डेल्टा टी. त्याचं उदाहरण तुमच्या लॅबमध्येच आहे, प्रॅक्टिकलचा तो पिवळा सोडियम लॅम्प. उत्तेजित झालेला सोडियमचा अणू सरासरी १६ नॅनोसेकंद त्या अवस्थेत राहतो. इतकं अल्पायुष्य असल्यामुळे त्याच्या प्रकाशाच्या फ्रिक्वेन्सीला मुळातच सुमारे १ कोटी हर्ट्झची रुंदी येते. (लॅम्पमध्ये अणूंच्या धावपळीमुळे ती रेषा याहून बरीच रुंद होते, ते वेगळं.) म्हणजे इथे टी हा अणूच्या आयुष्याचा हिशोब आहे, स्टॉपवॉचची चूक नव्हे.

‘शब्दांचा कीस काढताय’ असं कुणी म्हणेल. पण टनेलिंग घ्या. कण भिंत ओलांडून पलीकडे जातो, हे आपण शिकतो. त्याला वेळ किती लागतो? साधा प्रश्न, पण सिद्धांतात त्याला एकच ठरलेलं उत्तर नाही, कारण काळाला ऑपरेटरच नाही. त्यामुळे ‘वेळ’ म्हणजे काय मोजायचं, ते आधी ठरवावं लागतं. २०२० मध्ये टोरांटोतल्या गटाने रुबिडियमच्या अतिथंड अणूंवर हे करून पाहिलं. त्यांनी अणूच्या स्पिनलाच काटा बनवलं. प्रकाशाच्या भिंतीत असतानाच हा काटा फिरेल अशी सोय केली आणि तो किती फिरला ते बघितलं. उत्तर आलं सुमारे ०.६१ मिलिसेकंद. भिंतीवरचं घड्याळ काढून अणूच्या आतलंच घड्याळ वाचलं म्हणा ना!

गुरुत्वाकर्षणाशी क्वांटमची गाठ पडते तिथे तर अडचण आणखी वाढते. १९६७ च्या व्हीलर-डीविट समीकरणात टी गायबच आहे. अख्ख्या विश्वाचं समीकरण मांडायचं, तर बाहेरची भिंत आणायची कुठून? शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विश्वाच्या सुरुवातीचा अभ्यास करताना विश्वातल्याच एका क्षेत्राला घड्याळ मानून बाकीचे बदल त्याच्या तुलनेत मोजले. कल्पना टोरांटोसारखीच, घड्याळ आतलंच.

आणि हे सगळं वर्गात येत नाही, म्हणून ते रील्समध्ये येतं. ‘क्वांटमने सिद्ध केलं, काळ हा भ्रम आहे!’ मागे गूढ म्यूझिक. असं काही सिद्ध झालेलं नाही. टी समीकरणात बाहेरून येतो, आणि तो आतून कसा उभा करायचा यावर अजून वाद चालू आहे, एवढंच. पण ज्या मुलाच्या प्रश्नाला ‘सिलॅबसबाहेरचं आहे, लिहून घे’ असं उत्तर मिळतं, तो रील बघणारच. त्याला दोष कसा द्यायचा?

यासाठी नवा पेपर वगैरे नको. पाऊण तासाचं एक लेक्चर पुरे. आणि परीक्षेत ‘अनिश्चिततेचे तत्त्व लिहा’ऐवजी ‘सोडियमच्या रेषेतला डेल्टा टी नेमका कशाचा अवधी आहे?’ असं त्याच ३ मार्कांना विचारता येईल.