आंघोळीचे पाणी : बंब की गिझर?

बोरगाव मेघेसारख्या गावात बंबाला पऱ्हाट्या-तुराट्या घरच्याच मिळतात. पऱ्हाट्यांत शेंदरी बोंडअळी दडून राहते, म्हणून त्यांचा ढीग पावसाळ्यापूर्वी संपवा. बंब मात्र बाहेर पेटवा. बंद न्हाणीत निखाऱ्यांचा विषारी वायू कोंडतो. त्याला वास नसतो, माणूस बसल्या जागी गुंगतो.

विजेवर २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे ०.६ युनिट पुरते. पण ३ किलोवॅटचा गिझर सुमारे १३ अँपिअर ओढतो. पंख्याच्या साध्या पिनेवर तो लावू नका. अर्थिंग आधी तपासून घ्या. फवाऱ्याखाली उभे राहण्यापूर्वी बटण बंद करा.

जळण घरचे असेल तर बंब, अर्थिंग पक्के असेल तर गिझर. दोन्हीपैकी काहीही ठेवा, पण लेकरांना एकटे सोडू नका.