झुलूंच्या मुलुखात गेंडा पाहा, हुन्नरही पाहा

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात जाणारा आपला माणूस दोन कामे हमखास करतो. जंगलात गेंडा पाहतो आणि डर्बनच्या बाजारात घासाघीस करतो. पहिले काम रास्तच आहे. 1895 साली राखीव झालेल्या ह्लुह्लुवे-इम्फोलोझी जंगलाने पांढऱ्या गेंड्याचा वंश राखला. 1960च्या दशकात इथूनच गेंडे इतर जंगलांत पाठविले गेले. दुसऱ्या कामाचा मात्र व्यापारी बंधूंनी विचार करावा.

काचेचे मणी झुलूंकडे परदेशी व्यापाऱ्यांनी आणले. त्यांच्या रंगांना अर्थ दिला तो झुलू बायकांनी. इलाला ताडाच्या पातीची टोपली त्या इतकी घट्ट विणतात की पातळ पदार्थही गळत नाही. रात्रीच्या पहारेकऱ्यांनी तर टेलिफोनच्या टाकाऊ तारेतून नवा हुन्नर काढला. अशी टोपली एका दिवसात होत नाही. निम्म्या किमतीत ती पदरात पाडली, तर विणणारीची मुलगी उद्या हे काम कशाला शिकेल? हिमरूचे माग का बंद पडत गेले, हे आपल्या विणकरांना कोणी सांगायला नको.

याच डर्बनमध्ये पोरबंदरच्या दादा अब्दुल्ला यांची पेढी होती. तिच्या दाव्यासाठी 1893 साली गांधीजी तिथे गेले. पेढ्या पतीवर चालतात. तेव्हा माल शक्यतो करणाऱ्याच्याच हातून घ्या, वाजवी दाम द्या, जमल्यास पुढची ऑर्डरही नोंदवा. यात धर्मादाय काही नाही; चांगला माल पुन्हा मिळण्याची ती सोय आहे.