उत्साह उतू जातो तेव्हा

घरात कोणी उदास बसले, जेवेनासे झाले, तर चार माणसे चौकशी करतात. पण कोणी एकाएकी भलतेच खुशीत आले, तर त्याला डॉक्टरकडे नेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. दिवाळीच्या गडबडीत तर असा उत्साह खपूनच जातो. म्हणून यंदा मी उन्मादाविषयी लिहावयाचे ठरविले आहे.

मध्यंतरी एका तिशीतल्या गृहस्थांना त्यांच्या पत्नीने माझ्याकडे आणले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बाई म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले, हे रात्री जेमतेम दोन तास झोपतात. तरी थकवा म्हणून नाही! बोलणे थांबत नाही. कर्ज काढून तीन दुकाने घ्यायला निघाले. आणि चार दिवसांपासून म्हणतात, राज्याचा कारभार माझ्या हाती येणार आहे, टीव्हीवरून मला खुणा करतात." सासूबाईंच्या मते ही बाहेरची बाधा होती. शेजाऱ्यांनी स्किझोफ्रेनिया ठरवून टाकला होता.

भ्रम झाला म्हणजे स्किझोफ्रेनियाच, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नव्हे. उन्माद तीव्र झाला की त्यातही भ्रम आणि भास होतात. मग ओळखावयाचे कसे? मी आधी क्रम विचारतो. येथे झोप आणि मनःस्थिती प्रथम बदलली, भ्रम मागाहून आला, आणि तोही मोठेपणाचा, म्हणजे त्या मनःस्थितीला साजेसा. मन ठिकाणावर असतानाही भ्रम टिकून राहत असते, तर मला वेगळा विचार करावा लागला असता.

पुढे मी मागची वर्षे विचारली. बाई आठवून म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी तीन महिने हे अंथरुणातून उठत नव्हते. आम्ही आळस समजलो." तो आळस नव्हता, खिन्नता होती. अशा दोन टोकांच्या आजारास बायपोलर म्हणतात. नुसत्या खिन्नतेवरच्या गोळ्या दिल्या तर अशा रोग्याचा उन्माद उसळू शकतो. म्हणून ही जुनी हकीकत मोलाची.

साधारणपणे अशी लक्षणे आठवडाभर टिकली म्हणजे उन्माद म्हणतात; रुग्णालयात ठेवण्याची वेळ आली तर तितके दिवसही मोजावयाचे नाहीत. काहींत आनंदाऐवजी नुसता संतापच दिसतो. थायरॉईड, स्टेरॉईडची औषधे आणि नशा यांचीही चौकशी करावी लागते. उतारवयात प्रथमच असे झाले, तर मेंदूची तपासणी हवी.

उपचार आहेत. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर लिथियमचा गुण दाखविला; रक्त तपासून दिले जाणारे ते औषध आजही उपयोगी पडते. भ्रमावर निराळी औषधे जोडतात.

घरच्यांनी काय करावे? भ्रमावरून वाद घालू नये, होकारही भरू नये. पैशाचे मोठे व्यवहार थोपवून धरावे. जिवाला धोका वाटला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सल्ल्यासाठी २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. आणि डॉक्टरकडे जाताना एक कागद न्यावा: झोप कधी कमी झाली, खर्च कधी वाढला, भलते बोलणे कोणत्या दिवशी सुरू झाले, पूर्वी कधी मन खचले होते काय, आणि कोणती औषधे चालू आहेत. उन्माद रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. तो ह्या तारखांत दिसतो, आणि त्या घरच्या माणसांखेरीज दुसऱ्या कोणापाशी नसतात.