गोळीचे नाव बदलते, औषध तेच राहते



मुंबईहून किंवा इस्राएलहून दुबई-शारजाला मुलाबाळांकडे येणाऱ्या वडीलमंडळींना आम्ही नेहमी विचारतो, "कोणती गोळी सोसत नाही?" उत्तर येते, "मेफ्टाल. अंगावर पित्त उठतं." पण इथे दाढ दुखली आणि समोर पॉन्स्टान आली, तर ती बिनधास्त घेतात. दोन्हींत औषध एकच आहे, मेफेनॅमिक अ‍ॅसिड.

याच औषधाबद्दल ३० नोव्हेंबर २०२३ रोजी इंडियन फार्माकोपिया कमिशनने सावधगिरीची सूचना काढली. त्याने क्वचित 'ड्रेस' नावाची गंभीर रिअ‍ॅक्शन येते. ताप, अंगभर पुरळ, सुजलेल्या गाठी, कधी यकृतालाही इजा. ती बहुधा २ ते ८ आठवड्यांनी उद्भवते, म्हणून गोळीवर संशयच जात नाही.

तेव्हा नावे ओळखून ठेवा. भारतातली व्होवेरान आणि इथली व्होल्टारेन म्हणजे डायक्लोफिनॅक. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन, म्हणजे ब्रूफेन असते. भारतातली क्रोसिन, इस्राएलमधली अकामोल आणि इथल्या पॅनाडॉल, अ‍ॅडॉल या साध्या गोळ्या म्हणजे पॅरासिटामॉल.

मग दुखल्यावर घ्यायचे काय? काहींना एकाच औषधाचा त्रास होतो. त्यांना दुसऱ्या गटातले चालू शकते. काहींना मात्र अ‍ॅस्पिरिन, ब्रूफेन, डायक्लोफिनॅक, सगळ्यांनीच पित्त उठते. अशा बहुतेकांना पॅरासिटामॉल बेताच्या मात्रेत सोसते, पण सर्वांना नाही. सेलेकॉक्सिब किंवा एटोरिकॉक्सिबही पुष्कळांना चालते. मात्र पहिली गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर सेलेकॉक्सिबच्या आधी ते जरूर सांगा.

पूर्वी गोळीने फोड आले असतील, कातडी सोलली असेल, तोंड-डोळे सोलवटले असतील, तर ते औषध पुन्हा 'करून बघू' म्हणायचे नाही. आताच असे काही झाले, श्वास लागला किंवा ओठ-जीभ सुजली, तर गोळी बंद करा आणि अमिरातीत ९९८ वर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.

आणखी एक. "या गोळ्या चालत नाहीत ना, मग ट्रामाडॉल किंवा कोडीनवाली घेऊन जा," असा सल्ला कोणी दिला तर जपून! अमिरातीत ही नियंत्रित औषधे आहेत. स्वतःपुरती आणायची तरी डॉक्टरांची चिठ्ठी आणि सरकारची आगाऊ परवानगी हवी. अर्ज ऑनलाइन करता येतो. नाहीतर दुखणे राहील बाजूला आणि विमानतळावरच चौकशी सुरू होईल.

आमचे सांगणे एवढेच: पाकिटात एक चिठ्ठी ठेवा. त्यावर औषधाचे मूळ नाव, काय त्रास झाला, किती वेळाने झाला आणि कोणती गोळी सोसते, हे इंग्रजीत लिहा. पुरळाचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. फार्मसीत आधी चिठ्ठी दाखवा, मग दुखणे सांगा.