जांभळे खडे आणि विटकी जीन्स

मैत्रिणींनो, पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे आपल्या ओळखीचे. विहिरीचे पाणी शुद्ध करायला ते पूर्वीपासून वापरतात. पण उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्यात त्यांचे काम वेगळेच!

मुलांच्या जीन्सवर मांडी-गुडघ्याशी मुद्दाम विटवलेला भाग असतो ना? तिथे बहुधा याचेच पाणी फवारलेले असते. ते निळा रंग उडवते आणि मागे मँगनीजचा तपकिरी डाग ठेवते. तो काढायला सोडियम मेटाबायसल्फाइट लागते. सरबत टिकावे म्हणून आपण घालतो, त्या के.एम.एस.चे हे भावंडच!

पँट झकास दिसते, पण फवारणाऱ्याच्या नाकाडोळ्यांत तुषार जातात. धुलाईचे पाणी तर वर्षानुवर्षे वालधुनीत गेले. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहत येणारी हीच ती नदी.

घरी एवढे सांभाळा. खडे घट्ट झाकणाच्या बाटलीत, मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा. ग्लिसरीनजवळ तर नकोच. दोन्ही एकत्र आले की आपोआप पेट घेतात. बोटे तपकिरी झाल्यास लिंबू चोळा.

आणि जीन्स साधी, गडदच घ्या. विटवायचे काम आपली मुले फुकट करतात!